मीलवाल्यांच्या घरचं उखळ

आमच्या घरात मीलचा तांदूळ शिजत नसे. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटायचं नाही, कारण मील आमचीच होती. अंगण ओलांडलं, गोठा ओलांडला की टिनाची शेड. सकाळी इंजिन सुरू झालं की आमच्या फळीवरची भांडी थरथरत. ब्रह्मपुरीच्या बाजूने धानाच्या बैलबंड्या येत. जवळच्या गावांतल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन येत, चिंचेखाली बसून गप्पा मारत, आणि तांदूळ, कोंडा, कणी वेगवेगळी बांधून उन्हं चढायच्या आत घरी जात. मी त्यांना परसाच्या दारातून बघत असे. माझे हात तेव्हा मुसळावर असत.

तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. मी चौथी पास होऊन घरी बसले, आणि पुढे लग्न होऊन या घरात आले. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणत असू. मामाजी आधी बंड्यांची चाकं दुरुस्त करत. नागपूरला कुठल्याशा कारखान्यात त्यांनी तेलावर चालणारं इंजिन पाहिलं आणि शेत विकून ते गावात आणलं. पुढे धान सडायची, म्हणजे टरफल काढून तांदूळ करायची, यंत्रं ते स्वतःच बनवू लागले. शेडवर पाटी लावली, तिच्यात आपल्या नावापुढे ‘कंपनी’ लिहिलं. गाव त्यांना कंपनी सरकार म्हणू लागलं. आधी चिडवायला म्हणत, मग खरंच म्हणू लागले.

माणूस पुढचं बघणारा होता, हे मी नाकारत नाही. आमच्या भिंतींवर कोळशाने काढलेली चाकं आणि दांडे असत. दिवाळीला भिंती सारवायच्या म्हटलं तरी तेवढा भाग सोडून सारवावं लागे. ते सांगत, एक दिवस विजेची तार येईल, बटण दाबलं की धान सडेल, जंगलातल्या शेवटच्या गावातही सडेल. ऐकणारे हसत.

“आता भात चावाले पण एखादी मशीन काढ गा, कंपनी सरकार.”

“काढीन,” ते म्हणत. “तुह्यासारख्या बोळक्या तोंडाच्या माणसासाठी पहिली तीच काढतो.”

असे हजरजबाबी होते. बायांना ते फार आवडत. ज्या घरातलं मुसळ कोपऱ्यात गेलं, त्या घरातली बाई त्यांना वाटेत दिसली की पदर सारखा करून वाकत असे.

आमच्या घरातलं मुसळ मात्र कोपऱ्यात गेलं नाही. त्याचं कारण पट्टा. इंजिनापासून यंत्रापर्यंत जो पट्टा फिरतो तो चामड्याचा होता. मेलेल्या जनावराच्या कातड्यावर फिरलेल्या यंत्राचा तांदूळ देवाला कसा दाखवायचा, असं मामाजींच्या आईने म्हटलं होतं. ती गेली, पण तिचं म्हणणं सासूबाईंनी उचललं. गावातल्या इतर घरांनीही ते पाळलं, पण सणापुरतं. सणाला हातचा, रोज मीलचा. आमच्याकडे रोजच्या ताटाचाही नैवेद्य निघे, म्हणून रोजच हातचा. घरात माणसं पुष्कळ, शिवाय कंपनी बघायला येणारे पाहुणे. जाऊबाईंकडे चूल होती, माझ्याकडे उखळ.

सासूबाई ओसरीवर बसून कानाने कांडण बघत. उखळ आत, त्या बाहेर, पण एक ठोका चुकायची सोय नव्हती.

“हलका पडून राह्यला वं ठोका. जेवली नाई का?”

“जेवले, आत्याबाई.”

“मंग अन्न कुठी गेलं?”

मला उलट बोलता येत नसे. अजूनही येत नाही. चार माणसांत माझा आवाज घशातच राहतो. माहेरी म्हणत, हिला देवाने तोंड खायलाच दिलं आहे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला पाचवा महिना होता, तेव्हा नागपूरहून एक साहेब मामाजींचं यंत्र बघायला येणार असं ठरलं. साहेबाबरोबर आणखी माणसं, गावातले पुढारी, सगळ्यांचं जेवण आमच्याकडे. धान काढलं, ते माझ्यासमोर ओतलं. सुईणीने सासूबाईंना आधीच सांगितलं होतं की हिला मुसळ उचलू देऊ नका. सासूबाईंनी ते मामाजींच्या कानावर घातलं, हे मी त्यांच्या तोंडूनच ऐकलं. मामाजी म्हणाले होते, “पोट काय काचेचं असते का? माह्या मायनं मले पोटात घेऊन चिखलात धानाचा रोवणा केला.”

मी कांडत राहिले. दुपारी पंगत बसली. मी भिंतीच्या अलीकडे तांदूळ पाखडत होते आणि पलीकडे मामाजी साहेबाला सांगत होते, “आमच्या झाडीपट्टीतली बाई उखळातच मरते, साहेब. मले तिले तिथून बाहेर काढाचं आहे.” साहेब म्हणाला, फार मोठं काम आहे. मग म्हणाला, हा भातही फार गोड आहे, कुठला तांदूळ? मामाजी म्हणाले, “घरचा. हातसडीचा. मीलच्या तांदळात हे गोडी नाई येत.” सगळे हसले. साहेब पुन्हा भात मागतोय हे ऐकून जाऊबाई आत आल्या आणि मला म्हणाल्या, “आणखी पाहिजे, आटप लवकर.” मी उठले तेव्हा पायांवरून गरम काही वाहतंय असं वाटलं.

मुलगा होता. सुईणीने फडक्यात गुंडाळून दाखवला आणि नेला. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. शेडच्या मागे पळसाखाली खड्डा करून ठेवला. साहेब तोवर जीपमध्ये बसून गेलेला होता. रात्री सासूबाई माझ्याजवळ बसल्या, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “पाहुण्यायसमोर आवाज नाई केला, चांगलं केलं.”

त्या घरात मला मिळालेलं हे पहिलं कौतुक.

मामाजींचे डोळे पुढे कमजोर झाले. संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला ते मला बसवत. मी पदराआडून, खाली मान घालून वाचत असे. एकदा एक जाहिरात आली. इंजिनाचे पट्टे, जाड कापडाचे, रबर लावलेले, चामड्याहून टिकाऊ. मी ती वाचली आणि थांबले. मग कधी नव्हे ते आपणहून बोलले, “मामाजी, हा चामड्याचा नाही.”

त्यांनी मान वर केली. “पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. ते उठून उभेच राहिले. “म्हणजे बामनाले पण चालंल! सणाचं धानही मीलवर येईल! शाब्बास पोरी.”

मला वाटलं, सुटले. मी त्यांना तसं स्पष्ट विचारलं नाही, पण सासूबाईंना म्हटलं, पट्टा बदलला की घरचंही धान मीलवर जाईल ना? त्या म्हणाल्या, “चामडंच नसंल तर मंग अडचण काय राह्यली?” मी त्या दिवसापासून पोस्टाची आणि रेल्वेच्या पार्सलची वाट बघू लागले. इतकी वाट माझ्या नवऱ्याने कधी कोणाची पाहिली नसेल. त्याला तसंही कशाची घाई नसे. मोठ्या भावाने सांगितलेलं काम करावं आणि गप्प बसावं असा त्याचा स्वभाव. त्या बाबतीत आमचा जोडा बरा जमला होता.

पट्टा आला. आधीच्यापेक्षा लांब होता, म्हणून इंजिन मागे सरकवावं लागलं, आणि त्यासाठी शेड मागे वाढवावी लागली. पळस तोडला. मी परसाच्या दारात उभी होते. खोदणाऱ्यांना कोणी काही सांगितलं नाही. मलाही सांगता आलं नाही. त्या जागेवर फरशी घातली, आणि पुढे कोंडा पडतो तो ढीग तिथेच असे.

नवा पट्टा फिरवायच्या दिवशी नारळ फोडला. मामाजींनी सगळ्यांना सांगितलं, कापडी पट्टा लावायचं आपल्यालाच सुचलं, आता देवाच्या ताटालाही हा तांदूळ चालेल. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नेहमीसारखं धान माझ्यासमोर ओतलं.

मी बघत राहिले.

“पाह्यतं काय? कांड.”

“पट्टा बदलला ना, आत्याबाई?”

“बदलला. पण त्यायले हातचाच गोड लागते. काल चाखून पाह्यला मीलचा, ताट सरकवून देल्लं.”

ज्या गोष्टीसाठी मी पार्सलची वाट पाहिली होती ती एवढ्यावर संपली. धर्माची अडचण होती तोवर मला निदान धर्मासाठी कांडतेय असं वाटत होतं.

मीलवर कोंडा झाडायला एक म्हातारी होती. मी तिला मावशी म्हणत असे. इंजिन यायच्या आधी ती गावभर कांडपीण म्हणून फिरायची. लग्नाकार्याचं धान तिच्या हाताखालून जायचं. इंजिन आलं आणि तिची सगळी घरं गेली. ती शेडसमोर बसून मामाजींना शिव्या देत असे, म्हणून मामाजींनी तिला झाडायला ठेवलं. पाहुण्यांना तेही ते सांगत, की कांडपिणीला मी कंपनीत नोकरी दिली. मावशी परसाच्या दाराशी पाणी प्यायला येई आणि माझं कांडण बघून तोंड वाकडं करी.

“सगळ्या जिल्ह्याचे मुसळं मोडले, अन् घरी एक जितं ठेवलं. कोंबडी विकणारा पण आपल्यासाठी एक राखते, तसं.”

पुढच्या पावसाळ्यात मामाजी गेले. इंजिनाजवळच खाली बसले आणि उठले नाहीत. मला तेव्हा तिसरा महिना होता. रडणाऱ्या बायांमध्ये मीही रडले, पण मनात एकच होतं. गोड लागणारी जीभ गेली. आता तरी हे पोर राहील. सासूबाईंनाही मीलच्या तांदळाचं वावडं नव्हतं. भावाकडे गेल्या की तोच खात. सुईणीने मला निक्षून सांगितलं होतं, या वेळी मुसळ धरशील तर हेही जाईल आणि कदाचित तूही जाशील.

दहाव्याच्या पिंडाचा तांदूळ मात्र मीच कांडला. शेवटचा म्हणून कांडला.

दहावा नदीवर झाला. वैनगंगेला पाणी चढलेलं, काठ चिकट. पुरुष पिंडाभोवती, आम्ही बाया मागे झाडाखाली. माणसं फार जमली होती. ज्या ज्या गावात कंपनीचं यंत्र होतं तिथून कोणी ना कोणी आलेलं. कावळे समोरच्या जांभळीवर बसलेले दिसत होते, पण उतरत नव्हते.

मोठे दीर, ज्यांना आमच्याकडे भासरे म्हणतात, हात जोडून म्हणाले, “बाबा, कंपनी मोठी करीन.”

कावळा नाही.

“विजेवरची मशीन बनवीन, बाबा.”

नाही. माझा नवरा म्हणाला, आईला सांभाळीन. नणंदेचा नवरा म्हणाला, तुमच्या नावाने शाळेला घंटा देईन. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणी तरी म्हणालं, दर्भाचा कावळा करा आणि उरका. भासऱ्यांचा चेहरा पडला. बापाच्या जागी बसायचं होतं त्यांना, आणि एवढ्या लोकांसमोर बाप त्यांचं ऐकत नव्हता.

तेव्हा सासूबाई झाडाखालून म्हणाल्या, “भाताचं सांग. त्यायचा जीव भातात होता.”

भासऱ्यांनी पुन्हा हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, “बाबा, या घरात जन्मभर हातचाच तांदूळ शिजंल. मीलचा दाणा चुलीवर चढणार नाई. माही भाक आहे.”

मागून एक जण म्हणाला, “घ्या! कंपनी सरकारले मेल्यावर पण मशीनचा भात नको!” आणि त्या जागी हसू नये हे माहीत असूनही लोकांना हसू आवरेना. हसता हसता, तोंड लपवत, गर्दी थोडी मागे सरकली. मोकळी जागा झाली. कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

सगळ्यांनी हात जोडले. भासरे रडले. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, बापलेकाचं कसं एक मन. जाऊबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि लगेच मान फिरवली. भाक भासऱ्यांनी दिली होती. हात कोणाचे, हे विचारायची तिथे कोणाला गरज वाटली नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. किती दिवसांचं एकदम सांगितलं, सुईण काय म्हणाली तेही. त्याने पायांचा चिखल धुतला. मग म्हणाला, “बापाले देल्लेली भाक आहे. मी काय बोलू? हळू हळू कांडत जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धान समोर आलं. मी ते सुपात घेतलं आणि परसाच्या दाराशी बसून राहिले. मावशी पाणी प्यायला आली. माझ्याकडे बघितलं, सुपाकडे बघितलं, पोटाकडे बघितलं.

“कितवा?”

मी बोटं दाखवली.

“ते आधीचं माह्या ढिगाखाली आहे,” ती म्हणाली. “रोज झाडतो मी त्याच्यावरून. आता हे पण तिथीच ठेवतं का?”

इतकं क्रूर मला आजवर कोणी बोललं नव्हतं. आणि त्या घरात माझ्या मुलाचा उल्लेख करणारीही ती एकटीच निघाली. मी रडू लागले तर ती चिडली.

“रडू नोको. धान आण इकडे.”

तिने माझं धान ओच्यात घेतलं आणि थोड्या वेळाने तेवढ्याच धानाचा मीलचा तांदूळ आणून दिला. मीलचा तांदूळ पांढरा, चकचकीत. हातचा थोडा लालसर, त्यावर साल राहते. तिने तो मूठभर बारीक कोंड्यात चोळला, दोन फोलकटं आणि चार सबंध धानाचे दाणे त्यात टाकले. सुपात घेऊन बघितला तर मलाही ओळखू आला नसता.

“अन् आवाज?” मी विचारलं.

“उखळात ओलं पोतं टाक. बसून बत्त्यानं ठोक. म्हातारीले कानच आहे, डोळे कुठी राह्यले?”

“तुम्हाला काय द्यायचं, मावशी?”

“त्यानं माहं उखळ बंद केलं,” ती म्हणाली. “मी त्याच्या घरचं बंद करून राह्यलो. यात देणंघेणं काय आलं?”

तसं सुरू झालं. पहिल्या दिवशी भात वाढताना मी शितं ताटाबाहेर सांडली, तेव्हा जाऊबाईंनी पळी काढून घेतली. भासऱ्यांनी पहिला घास घेतला. मी दाराआड उभी. त्यांना एक धानाचा दाणा लागला, तो त्यांनी ताटाबाहेर काढून ठेवला आणि पुढे जेवत राहिले. सासूबाई म्हणाल्या, “आज चांगला सडला. मनापासून कांडलं की गोड होते.” मग त्यांनी मामाजींच्या फोटोकडे तोंड करून डोळे पुसले.

मी पोतं बडवत राहिले. बसून, हळूहळू, पाय लांब करून. ओसरीवरून आवाज येई, “आता कसा बरोबर पडून राह्यला ठोका!” महिने भरले. मुलगी झाली, जिवंत, मोठ्या आवाजाची. सासूबाई म्हणाल्या, “इतकं कांडून पोरगीच!” मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला हसू येत होतं, म्हणून तोंड फिरवलं होतं.

वर्षश्राद्धाला मीलसमोर मांडव घातला. ब्रह्मपुरीहून एक वक्ते आले होते. ते म्हणाले की या माणसाने आपल्या आयाबहिणींच्या हातचं मुसळ काढून घेतलं, त्यांचा वारसा घराघरांत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग भासऱ्यांनी भाकेची गोष्ट सांगितली, आणि बाया माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या, तसं मी तोंड खाली घातलं. मी लाजते हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

पिंड शेडमागे ठेवला. तांदूळ त्याच दिवशी सकाळी मावशीने यंत्राखालून ओंजळीने काढून दिलेला. त्याला कोंडासुद्धा चोळायला वेळ मिळाला नव्हता. भासऱ्यांनी हात जोडायला उचलले, तेवढ्यात कावळा आला आणि खाऊ लागला. दुसराही आला.

“ओळखलं त्यायनं,” सासूबाई रडत म्हणाल्या. “घरचा आहे, हातचा आहे, ओळखलं.”

आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ठरलं की माझ्या हाताला मामाजींच्या आईची चव आहे. तेव्हा नणंदेकडच्या सणाचं धानही यापुढे मीच कांडावं. जाऊबाई म्हणाल्या, “हो, तिले सवय आहे.” मी मान हलवली.

संध्याकाळी मावशी कोंडा झाडत होती. मी मुलीला कडेवर घेऊन तिच्याकडे गेले.

“खाल्ला का वं कंपनी सरकारनं?”

“खाल्ला.”

“मंग चांगली बनवली म्हणाची मशीन,” ती म्हणाली आणि त्या ढिगावरून झाडू पुढे नेला. मी मुलीचे पाय वर घेतले.

मुलीची एक खोड होती. ठोक्याच्या आवाजाशिवाय ती झोपत नसे. पोटात असताना तिने दुसरं काही ऐकलंच नव्हतं. एक दिवस ती पाळण्यात पडली होती, मी पोतं बडवत होते, आणि ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या, “हिले आतापासूनच लळा आहे उखळाचा. सासरी नाव काढंल पोरगी.”

मी बत्ता खाली ठेवला. मुलगी जागी झाली, रडू लागली.

“थांबली काऊन वं?”

“झालं कांडून, आत्याबाई.”

“पोरगी रडून राह्यली. चार ठोके मार अजून, झोपंल ते.”

मी उठले नाही, बत्त्यालाही हात लावला नाही. ती बराच वेळ रडली. शेडमधलं इंजिन बंद झालं तरी रडत होती. मग थकून, कुठलाच आवाज नसताना, झोपली.